मुंबईची जुनी क्रिकेट मैदानं बघायची असतील तर असं फिरा

बाहेरगावचा क्रिकेटवेडा माणूस मुंबईत आला की त्याच्या लिस्टमध्ये वानखेडे असतंच, आणि होतं काय, मॅच नसलेल्या दिवशी तो चर्चगेटला उतरतो, गेटवरचा सिक्युरिटीवाला आत सोडत नाही, मग बाहेरूनच दोन फोटो आणि मरीन ड्राईव्हला जाऊन बसायचं. संपला क्रिकेट टूर. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्याच वेळी तिथून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आझाद मैदानात एकाच वेळी दहा-बारा मॅचेस चालू असतात, तिकीट नाही, गेट नाही, कोणी विचारत नाही, आणि मुंबईचं क्रिकेट ज्या मातीतून आलं ती माती तीच आहे. म्हणून माझं म्हणणं असं की वानखेडे शेवटी ठेवा, सुरुवात मैदानापासून करा.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. रविवार बेस्ट, शनिवारही चालेल. ऑक्टोबर ते मार्च हा कोरडा सीझन, त्यात शाळांचं हॅरिस शिल्ड आणि जाइल्स शिल्ड असतं, क्लबच्या मॅचेस असतात, ऑफिसांच्या टीम असतात. एप्रिल-मे मध्ये पोरांचे समर कॅम्प जोरात, पण दुपारी ऊन आणि घाम इतका की बाहेरून आलेला माणूस तासाभरात गळतो. पावसाळ्यात कांगा लीग, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो कारण ते वेगळंच प्रकरण आहे. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो हे मात्र विसरू नका, आदल्या दिवशी कुठल्या लाइनवर किती वाजता आहे ते बघून ठेवा. आता मेट्रोची अॅक्वा लाइनपण आहे, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी स्टेशनं ओळीने आहेत त्यामुळे ब्लॉक असला तरी अडत नाही.

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरा. सबवेतून महापालिकेच्या बाजूला बाहेर आलात की समोर आझाद मैदान. एका कोपऱ्यात आंदोलनांसाठी राखीव जागा आहे, तिथे रोज कोणीतरी बसलेलं असतं, मोठा मोर्चा असेल तर पोलीस बंदोबस्त असतो आणि फिरायला त्रास होतो, तेव्हा सकाळी बातम्यांवर एक नजर टाका. ती जागा सोडून पुढे गेलात की पिचेसच पिचेस. बावीस पिचेस आहेत असं सांगतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला काही कळतच नाही की कुठली मॅच कुठे संपते, कारण एका मॅचचा डीप मिडविकेट दुसऱ्या मॅचच्या पॉइंटच्या पाठीला पाठ लावून उभा असतो आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

इथे बघायचं कसं ते सांगतो. आधी एक मॅच निवडा, सगळ्या बघायला गेलात तर एकही दिसणार नाही. पांढऱ्या कपड्यातली, लेदर बॉलची, शक्यतो शाळेची मॅच शोधा. तंबूजवळ टेबल टाकून स्कोरर बसलेला असतो, त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि हळूच विचारा स्कोअर काय झाला, कोण खेळतंय. नव्वद टक्के वेळा तो खूश होऊन सांगतो, कुठला पोरगा चांगला आहे तेपण सांगतो. ओव्हर संपल्यावर विचारा, बॉल चालू असताना नको, त्याची नोंद चुकते. मग जमलं तर बॉलरच्या मागच्या बाजूला, सरळ रेषेत पण बाउंड्रीच्या चांगलं बाहेर जाऊन बसा. बसा म्हणजे बसाच, तिथे चालत राहिलात तर बॅट्समन हात वर करून खेळ थांबवतो आणि मग अंपायर तुमच्याकडे बघतो. मैदान ओलांडायचं असेल तर ओव्हर संपायची वाट बघा आणि पिचवरून कधीच, म्हणजे कधीच जाऊ नका, शेजारचं पिच रिकामं दिसत असलं तरी. ते माळ्याने पहाटेपासून पाणी मारून रोलर फिरवून बनवलेलं असतं. माळी हा या मैदानावरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे, त्याच्याशी दोन शब्द बोलायला मिळाले तर जरूर बोला, आज बॉल उसळणार की बसणार हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

आणि डोकं सांभाळा. तुम्ही जी मॅच बघताय तिचा बॉल तुम्हाला लागणार नाही, मागच्या मॅचचा लागेल. "बॉल!" अशी आरोळी आली की वळून बघायच्या आधी डोक्यावर हात. बॉल तुमच्याकडे आला तर उचलून नीट फेकून द्या, लाथ मारू नका, कुणालाच आवडत नाही. लहान पोरं सोबत असतील तर त्यांना दोन पिचच्या मध्ये खेळायला सोडू नका.

याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सेमीफायनलला शारदाश्रमच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ ची नाबाद पार्टनरशिप केली, सासानियन क्लबच्या पिचवर. सचिन तेंडुलकर ३२६, विनोद कांबळी ३४९, दोघेही नॉट आउट. सचिन तेव्हा चौदा वर्षांचा. समोर बॉलिंग टाकणाऱ्यांमध्ये साईराज बहुतुले होता जो पुढे स्वतः इंडियाकडून टेस्ट खेळला. आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये, सचिन वानखेडेवर रिटायर झाला त्याच महिन्यात, पृथ्वी शॉने हॅरिस शिल्डमध्येच याच मैदानावर ५४६ मारले. हे माहीत असलं की समोर हेल्मेट डोळ्यावर येणारा बारा-तेरा वर्षांचा पोरगा मान खाली घालून फॉरवर्ड डिफेन्स करतोय ना, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला होतं. मी तरी प्रत्येक वेळी बघतो.

मैदानाच्या दक्षिणेच्या टोकाला बॉम्बे जिमखाना. क्लब सभासदांचा आहे, आत जायला सभासदाची ओळख लागते, पण मैदान कुंपणाबाहेरून दिसतं आणि भारतातली पहिली टेस्ट मॅच तिथे झाली म्हणून दहा मिनिटं तरी तिथे थांबाच. डिसेंबर १९३३, समोर डग्लस जार्डिनची इंग्लंड, आपला कॅप्टन सी. के. नायडू. जार्डिन म्हणजे बॉडीलाइनवाला, बॉलरना मुद्दाम बॅट्समनच्या अंगावर बॉल टाकायला लावणारा, वर्षभर आधीच ऑस्ट्रेलियात गोंधळ घालून आलेला. मॅच आपण ९ विकेट्सनी हरलो, पण दुसऱ्या इनिंगमध्ये लाला अमरनाथने पदार्पणातच ११८ मारले, भारताचं टेस्टमधलं पहिलं शतक, आणि नायडूंबरोबर १८६ ची पार्टनरशिप. अजून एक गोष्ट लक्षात घेऊन बघा, तेव्हा त्या जिमखान्यात भारतीय माणसाला मेंबरशिप नव्हती. ज्यांना क्लबात सभासद म्हणून घेत नव्हते त्यांच्यातल्या एकाने त्याच क्लबच्या मैदानावर शतक ठोकलं. त्याच्याही आधी, १८८० च्या आसपास, याच भागातल्या मैदानावर पारशी क्लबची पोरं क्रिकेट खेळायची आणि जिमखान्याचे गोरे पोलो खेळून घोड्यांच्या टापांनी त्यांच्या पिचची वाट लावायचे, पारशांनी त्यावर सरकारकडे अर्जावर अर्ज केले. आज तिथे पोरं मोकळेपणाने खेळतायत ना, त्याला एवढा जुना इतिहास आहे.

इथून भूक लागली असेल तर फॅशन स्ट्रीटच्या बाजूला खाऊगल्ली आहे, नाहीतर मागे सीएसएमटीसमोर कॅननची पावभाजी. फार खाऊ नका, अजून चालायचंय.

मग हुतात्मा चौकातून ओव्हल मैदान. चालत जा, टॅक्सी करू नका, तेवढ्यासाठी टॅक्सीवाला येणारपण नाही. ओव्हलवर एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको बिल्डिंगांची रांग, २०१८ मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. मैदानाच्या मधून एक पायवाट जाते, ऑफिसवाले चर्चगेटला जायला तीच वापरतात, तिच्यावरून जाता जाता दोन्हीकडे मॅचेस दिसतात. फोटोसाठी मला मुंबईतलं सगळ्यात सुंदर क्रिकेट मैदान हेच वाटतं, बॉलर रनअप घेतोय आणि मागे टॉवर असा फ्रेम इथे सहज मिळतो. फक्त पोरांचे क्लोजअप काढण्याआधी त्यांच्या कोचला विचारा. उन्हाचा चष्मा आणि टोपी असू द्या, सावली कडेच्या झाडांखालीच आहे आणि ती जागा बहुतेक वेळा बॅटिंगला थांबलेल्या टीमने घेतलेली असते.

ओव्हल ओलांडून पुढे गेलात की ब्रेबॉर्न. आता हे स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं (सीसीआय), म्हणजे इथेही सभासदाशिवाय आत नाही, आणि बाहेरून तर रस्त्यावरच्या दुकानांमुळे आत मैदान आहे हेच पटत नाही. आत बघायचं असेल तर दोनच रस्ते, एक सभासद असलेला ओळखीचा माणूस शोधा (ड्रेसकोड असतो, चप्पल आणि शॉर्ट्स घालून जाऊ नका), दुसरा म्हणजे मॅचचं तिकीट काढा, डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे महिलांच्या लीगच्या मॅचेस इथे झाल्यात, तेव्हा तिकीट घेऊन कोणीही बसू शकतं. एकदा आत गेलात तर कळेल की जुने खेळाडू या ग्राऊंडबद्दल एवढं का बोलतात. १९३७ मध्ये सुरू झालं, पॅव्हेलियनच्या बाल्कन्या थेट मैदानावर उघडतात, स्टँड छोटे आणि जवळ, खेळाडू बोलतात ते ऐकू येईल इतके. १९४३ च्या डिसेंबरमध्ये पेंटँग्युलरच्या (धर्मावर टीम पाडून खेळायची ती स्पर्धा, खाली येईल) फायनलला विजय हजारेंनी इथे ३०९ मारले, आणि त्यांच्या टीमचा त्या इनिंगमधला टोटल होता ३८७! बाकी सगळे मिळून किती ते काढा. २००९ मध्ये छत्तीस वर्षांनी इथे टेस्ट परत आली तेव्हा सेहवागने श्रीलंकेविरुद्ध २९३ केले, तिसरी ट्रिपल सेंच्युरी सात रनांनी हुकली.

स्टेडियमच्याच बिल्डिंगमध्ये, वीर नरिमन रोडवर, के. रुस्तमचं आइस्क्रीम मिळतं, दोन वेफर बिस्किटांमध्ये जाड वडी ठेवून देतात. ते घ्याच. लगेच खा, मुंबईच्या हवेत थांबत नाही.

ब्रेबॉर्न असताना एवढ्या जवळ दुसरं स्टेडियम का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. तिकिटांवरून. टेस्ट मॅचला किती तिकिटं क्लबची आणि किती असोसिएशनची यावरून सीसीआय आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन (आजची एमसीए) यांच्यात वर्षानुवर्षं वाजत होतं, शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी आपलं स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं आणि वर्षभरात थोडं वर-खाली धरून उभं केलं. १९७५ च्या जानेवारीत पहिली टेस्ट झाली आणि वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ ठोकले.

वानखेडेसाठी चर्चगेटहून चालत पाच-सात मिनिटं. आता आतून बघायचे मार्ग. २०२५ मध्ये स्टेडियममध्ये एमसीएचं क्रिकेट म्युझियम सुरू झालंय, शरद पवारांच्या नावाने, तिथे सुनील गावस्करांचा पुतळापण आहे. जायच्या आधी वेळ आणि तिकीट एमसीएच्या वेबसाइटवर बघून घ्या, मॅचच्या आसपासच्या दिवसांत व्यवस्था बदलू शकते. पण माझा सल्ला विचाराल तर रणजीची मॅच पकडा. बहुतेक वेळा एन्ट्री फुकट असते, एखादा स्टँड उघडा ठेवतात, गर्दी नाही, पाहिजे तिथे बसा, आणि ज्या टीमने ४२ वेळा रणजी जिंकली ती टीम तिच्या घरच्या ग्राऊंडवर खेळताना बघा. मात्र मुंबईच्या घरच्या सगळ्या मॅचेस वानखेडेला नसतात, बऱ्याच बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या ग्राऊंडवर असतात, तेव्हा व्हेन्यू नीट वाचा. आयपीएल आणि इंटरनॅशनलचं तिकीट ऑनलाइन उघडतं आणि मिनिटांत जातं, बाहेर ब्लॅकवाल्याकडून घेऊ नका, डुप्लिकेट निघालं तर कोणी दाद देत नाही. मॅचच्या दिवशी बॅग, पॉवर बँक, पाण्याची बाटली, असलं काही आत सोडत नाहीत आणि ठेवायला जागा शोधत बसावं लागतं, त्यामुळे फोन, तिकीट, थोडे पैसे, बास.

आत बसलात की कुठे काय झालं ते डोळ्यासमोर आणा. १९८५ मध्ये रवी शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजला एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले ते इथेच, रणजीत, आणि त्याच इनिंगमध्ये ११३ मिनिटांत डबल सेंच्युरी. १९८७ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला बाउंड्रीबाहेर बॉल बॉय म्हणून उभा असलेला एक पोरगा २०१३ मध्ये इथेच दोनशेवी टेस्ट खेळून, ७४ करून, जाताना पिचला हात लावून नमस्कार करून गेला. तो पोरगा म्हणजे सचिन, त्याचा पुतळा आता त्याच्याच नावाच्या स्टँडजवळ आहे, नगरच्या प्रमोद कांबळे यांनी केलेला. आणि २ एप्रिल २०११, कुलसेकराच्या बॉलवर धोनीचा सिक्स. तो बॉल एमसीए पॅव्हेलियनमध्ये जिथे पडला त्या खुर्च्या वर्ल्ड कपची आठवण म्हणून वेगळ्या ठेवल्यात. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने न्यूझीलंडकडून खेळताना एका इनिंगमध्ये आपल्या दहाच्या दहा विकेट काढल्या, ११९ रन देऊन, आणि वानखेडेच्या पब्लिकने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला या ग्राऊंडचा सगळ्यात अभिमान वाटतो तो यासाठी.

जमलं तर टेस्ट किंवा रणजीचा सकाळचा पहिला तास चुकवू नका. लाल मातीचं पिच, बॉल चांगला उसळतो, त्यात समुद्र जवळ, हवेत ओल, नवा बॉल फिरतो. स्लिपमध्ये तीन जण का उभे आहेत ते टीव्हीपेक्षा इथे जास्त कळतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मरीन ड्राईव्हवरून उत्तरेकडे चालायला लागा, समुद्र डावीकडे आणि जिमखाने उजवीकडे. पारसी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, सगळे ओळीने. शंभर वर्षांपूर्वी धर्मावर टीम पाडायचे, आधी ट्रँग्युलर, १९१२ पासून क्वाड्रँग्युलर, १९३७ पासून पेंटँग्युलर, आणि १९४६ नंतर ते बंद पडलं ते बरंच झालं. पण हिंदू जिमखान्यासमोरून जाताना पळवणकर बाळू हे नाव आठवा. दलित समाजातला डावखुरा स्पिनर, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिच राखायचं आणि नेटमध्ये बॉलिंग टाकायचं काम करत मोठा झाला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरच्या वर विकेट काढल्या, तरी हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिप त्याला दिली नाही. ती १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठलला मिळाली आणि त्या वर्षी हिंदू जिंकले. टेस्ट क्रिकेट सुरू व्हायच्या आधी आपल्याकडे एवढा मोठा बॉलर होऊन गेला हे बाहेरून येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं, म्हणून लिहितोय. पुढे चर्नी रोड किंवा मरीन लाइन्स, जे जवळ वाटेल तिथून ट्रेन.

हा झाला साउथ मुंबईचा एक दिवस. दुसरा दिवस असेल तर दादर. वेस्टला उतरून पंधरा मिनिटं चाललात की शिवाजी पार्क. इथे पहाटे या, सात-साडेसातला, तेव्हा नेट्स चालू असतात आणि कट्ट्यावर बसून बघता येतं. पाच नंबरच्या गेटजवळ सचिनचे कोच रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक आहे, डिसेंबर २०२४ मध्ये झालं. सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो बॉलर आउट करेल नाणं त्याचं, कोणीच आउट करू शकलं नाही तर बॅट्समनचं. सचिनकडे अशी तेरा नाणी आहेत. ६ डिसेंबरच्या आसपास आणि दसऱ्याला मात्र क्रिकेट बघायला येऊ नका, तेव्हा पार्क वेगळ्या कारणासाठी भरलेलं असतं. नाश्त्याला प्रकाशचा साबुदाणा वडा किंवा आस्वादची मिसळ, रविवारी रांग असते पण पुढे सरकते. वेळ उरला तर माटुंग्याला दडकर मैदान बघून या, दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना या दोन क्लबांच्या मॅचला पूर्वी हजारोंनी गर्दी व्हायची, गावस्कर, वेंगसरकर दादर युनियनचेच.

आता कांगा लीग. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने १९४८ पासून चालू आहे आणि मुद्दाम पावसाळ्यात खेळतात. पिच ओलं, आउटफिल्डमध्ये गुडघ्याला लागेल असं गवत, बॉल कधी घोट्याला तर कधी नाकाला, चाळीस रन म्हणजे मोठा स्कोअर. मुंबईच्या बॅट्समनला खडूस म्हणतात ना, विकेट फेकत नाही म्हणून, ती सवय इथे लागते कारण इथे निष्काळजी खेळलात तर उभेच राहत नाही. बघायला येणार असाल तर सकाळी मॅच आहे की रद्द झाली ते आधी विचारून घ्या, रात्रभर पाऊस पडला असेल तर बहुतेक नसतेच. छत्री नको, रेनकोट आणा, छत्री बॅट्समनच्या डोळ्यासमोर येते आणि वाऱ्यात उलटते. बूट जुने घाला, चिखल वरपर्यंत येतो. सामान प्लास्टिकच्या पिशवीत. वीकेंडचे फिक्श्चर एमसीएच्या साइटवर टाकतात, त्यात ग्राऊंडचं नाव बघून निघा, एकाच क्लबची मॅच या आठवड्यात ओव्हलला आणि पुढच्या आठवड्यात थेट माटुंग्याला असू शकते.